किनाऱ्यावरून गरी : मासा कुठे थांबतो आणि माणसाने कुठे थांबावे

सरदाचे भात कापून घरात आले की वायंगणाच्या नांगरणीपर्यंत शेतकऱ्याच्या हाताला थोडी सवड मिळते. त्याच सुमारास पावसाळ्यात खवळलेला समुद्र निवळू लागतो आणि सांजवेळी पुळणीवर गरी घेऊन उभी राहिलेली माणसे दिसू लागतात. त्यांत आपल्या वाड्यांवरची मंडळी पुष्कळ असतात. होडी नको, रापण नको, भाडे नको. एक काठी, थोडा तंगूस, चार गऱ्या आणि मूठभर सुंगटे एवढ्यावर घरच्या हुमणाची सोय होते. कष्टाचे अन्न आहे, ताजे आहे, आणि मुलांना सोबत नेले तर त्यांनाही काही शिकायला मिळते.

परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. शेतात बी टाकण्यापूर्वी जो मनुष्य माती हातात घेऊन पाहतो, पाण्याचा उतार पाहतो, तोच समुद्रावर गेला की जेथे पायवाट संपते तेथेच गरी टाकतो. दोन तासांत काही लागले नाही की "आज मासळीच नाही" म्हणत घरी परततो. किंवा आणखी लांब टाकता यावे म्हणून छातीभर पाण्यात शिरतो, आणि हे तर फारच वाईट.

पुळण वरून सपाट व एकसारखी दिसते. पाण्याखाली ती तशी नसते. तेथेही बांध आहेत, चर आहेत आणि पाणी बाहेर जाण्याची दारे आहेत. मासा या जागा धरून असतो. आणि ज्या दाराशी मासा जमतो, त्याच दारातून माणसाला ओढून नेणारे पाणीही वाहते. म्हणून चांगली जागा ओळखणे आणि जीव सांभाळणे या दोन गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. जो पाणी वाचायला शिकला त्याला दोन्ही साधतात.

खाजनातली मानस आठवा

आपल्या खाजन शेतांना खाडीच्या बाजूने बांध असतो आणि बांधाला मानस असते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी दाराला रेटते व दार आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतले पाणी दार उघडून जोराने बाहेर पडते. त्या पाण्याबरोबर सुंगटे, लहान मासे, किडे असे सगळे वाहत येते. म्हणूनच मानशीच्या तोंडाशी जाळे लावतात आणि तिथल्या मासळीची पावणी होते. तेथे मासे का मिळतात हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आणि दार उघडलेले असताना मानशीच्या तोंडात मुलांनी उतरू नये, हेही घरोघरी सांगितलेले असते.

समुद्रात नेमकी हीच रचना आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर लाटांनी रचलेली रेतीची लांबट पाळ असते. तो झाला बांध. पाळ आणि किनारा यांच्यामध्ये किनाऱ्याला समांतर असा खोलगट चर असतो. लाटा पाळीवर फुटून पाणी या चरात ढकलतात. सारखे पाणी आत येत राहिले तर ते कुठून तरी बाहेर पडलेच पाहिजे. पाळ जेथे तुटलेली किंवा खचलेली असते, तेथून ते वाट काढते. ती झाली मानस. फरक एवढाच की समुद्रातल्या या मानशीला दार नाही. लाटा येत आहेत तोपर्यंत तिच्यातून पाणी बाहेर जातच असते. या बाहेर जाणाऱ्या पाण्याला आम्ही या लेखात 'ओढ' म्हणू.

लाटा पाळीवर व काठावर आपटून रेती उकरतात. रेतीत दडलेले किडे, लहान शिंपल्या, कुर्लीच्या जातीचे पेराएवढे जीव उघडे पडतात आणि चरातून वाहत ओढीकडे जातात. मोठा मासा समजूतदार असतो. तो पाण्याच्या जोराशी झुंजत बसत नाही. तो ओढीच्या कडेला, जेथे वेगवान पाणी आणि शांत पाणी एकमेकांना भिडते, तेथे थांबतो आणि आयते आलेले टिपतो. मुडदुशीसारखा रेतीतला मासा चरातच फिरतो. म्हणजे गरी टाकण्याच्या जागा तीन : पहिला चर, पाळीची किनाऱ्याकडची उतरण आणि ओढीच्या दोन्ही कडा. बाकीची पुळण म्हणजे पडीक जमीन समजावी.

पाण्याचा रंग आणि फेस काय सांगतो

आता हे पाण्याखालचे बांध आणि चर वरून कसे ओळखावेत? लाट फुटण्याला एक नियम आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीपर्यंत उतरली की लाट फुटते. एक मीटर उंचीची लाट सव्वा मीटरभर पाण्यात फुटणार. त्याहून खोल पाण्यात ती फुटत नाही, नुसती पाठ फुगवून पुढे सरकते. म्हणून जेथे पांढरा फेस दिसतो तेथे पाणी उथळ, म्हणजे खाली पाळ आहे. फेसाच्या पट्ट्यात जेथे खिंडार दिसते, लाटा फुटत नाहीत आणि पाणी गडद हिरवे किंवा काळपट दिसते, तेथे खोल आहे.

सामान्य माणसाची नजर येथेच फसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत आहे असे पाहिले की त्याला वाटते, आंघोळीला हीच जागा बरी. खरे पाहता तो शांत पट्टाच ओढ असतो. पोराबाळांना समुद्रावर नेणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे एक वाक्य पाठ करावे : फेसाळलेल्या दोन लाटांच्या मधले गुळगुळीत गडद पाणी हे निवांत पाणी नव्हे.

ओढीच्या आणखी खुणा अशा. पाण्यावरचा फेस, पाने, काटक्या किनाऱ्याकडे न येता समुद्राकडे जात असतात. रेती उचलली गेल्यामुळे पाण्याचा एक गढूळ पट्टा फुटत्या लाटांच्या पलीकडे गेलेला दिसतो. त्या पट्ट्यावरचे पाणी बारीक खळखळलेले किंवा सुरकुतलेले दिसते. आणि बऱ्याच वेळा ओढीच्या समोर पुळणीलाच आत वळलेली मोठी खोबण पडलेली असते, दोन्ही बाजूंना रेतीची टोके पुढे आलेली असतात. पुळणीवर चालताना अशी खोबण दिसली की थांबून समोरचे पाणी नीट पाहावे.

हे पाहणे उभ्या जागेवरून चांगले होत नाही. जवळचा एखादा रेतीचा उंचवटा किंवा टेकाड गाठावे आणि तेथून निदान पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहत बसावे. लाटा मेळ्यामेळ्याने येतात. काही मोठ्या येऊन गेल्या की काही वेळ लहान येतात. पाच मिनिटे पाहणारा लहान लाटाच पाहून उतरतो आणि मग मोठ्यांच्या तावडीत सापडतो.

पाणी सुकते तेव्हा जागा पाहावी, भरते तेव्हा गरी घालावी

पाण्याखालची जमीन पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाणी बाजूला झाले असता जाऊन पाहणे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटीही फार उतरते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरांचा असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा फरक मीटरभराच्या आतबाहेर राहतो. उधाणाच्या ओहोटीला जी पुळण उघडी पडते तिच्यावर एक फेरी मारली तर सगळा नकाशा डोळ्यांसमोर येतो. कोठे चर आहे, कोठे पाळ तुटली आहे, कोठे खडक रेतीतून डोके काढतो आहे, ते पाहून घ्यावे. चरात पाणी साचलेले असते, ते कोणत्या बाजूला वाहते तेही पाहावे. ते ज्या दिशेने वाहते त्या दिशेला दार आहे.

पाहिलेली जागा भरतीला ओळखता यावी म्हणून किनाऱ्यावरच्या खुणा धराव्यात. एक खूण जवळची आणि एक तिच्या मागची, अशा दोन खुणा एका रेषेत घ्याव्यात. पुढचा वाकडा माड आणि त्यामागे चॅपेलचा क्रूस, किंवा एखादे घर आणि त्यामागचा डोंगर. नुसती एक खूण धरली तर दहा-वीस पावलांची चूक सहज होते, आणि ओढीच्या बाबतीत दहा पावलांची चूक थोडी नव्हे.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत पुष्कळांना ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जुळतो. आपल्याकडे पाणी त्याहून थोडे आधी भरते, हे लक्षात ठेवून तो वापरावा. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि एका भरतीपासून पुढची भरती साडेबारा तासांच्या थोडी आत असते. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक थोरली व एक धाकटी असते. ज्यांना नेमकी वेळ हवी त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मुरगाव बंदराच्या वेळा पाहाव्यात. आता त्या मोबाईलवरही मिळतात.

मासा भरत्या पाण्याबरोबर चरात शिरतो. साधारणपणे भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधीपासून पाणी सुकू लागल्यानंतरच्या तासाभरापर्यंतचा काळ गरीसाठी चांगला. त्यातही पहाट किंवा सांज जुळून आली तर उत्तम, कारण अंधुक उजेडात मासा निर्धास्तपणे काठाजवळ येतो. म्हणून आमची सूचना अशी : उधाणाच्या दिवशी ओहोटीला जागा पाहून ठेवावी, आणि पुढच्या आठवड्यात भरती जसजशी दुपारकडून संध्याकाळकडे सरकते तसतशी त्या जागेवर गरी घालावी. याच्या उलट, पाणी अगदी सुकलेले असते तेव्हा ओढ बहुधा जास्त जोर धरते, कारण पाळी उघड्या पडल्यामुळे सगळे पाणी त्या एकाच दारातून जाऊ पाहते. ती वेळ जागा पाहण्याची आहे, पाण्यात उतरण्याची नाही.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत सकाळी जमिनीवरचा वारा समुद्राकडे वाहतो आणि पाणी सपाट असते. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटून लाटा उठतात. अगदी सपाट, काचेसारख्या पाण्यात मासा काठाला येण्यास बिचकतो. थोडा फेस आणि थोडा गढूळपणा असला म्हणजे त्याला धीर येतो. फार गढूळ झाले तर मात्र त्याला आमिष दिसत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या जागा

वेळसांवपासून उतोर्डा, माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का, केळशीवरून मोबोरपर्यंत साष्टीची पुळण एकसलग लांब आहे. येथे खडक नाहीत, म्हणून सर्व भिस्त चर आणि पाळी ओळखण्यावर. अशा पुळणीवर एकाच जागी खिळून राहू नये. एका जागी अर्धा तास प्रामाणिकपणे घालवावा, काही लागले नाही तर पुढच्या खोबणीकडे चालावे. मुडदुशी येथली खरी मानकरीण. ती पहिल्या चरात, पुष्कळदा काठापासून वीस-तीस पावलांतच असते. बारीक गरी आणि सोललेल्या सुंगटाचा तुकडा तिला पुरतो. लांब टाकण्याच्या हौसेने पुष्कळ जण तिच्या डोक्यावरून गरी फेकतात आणि रिकाम्या हातांनी घरी जातात.

बार्देशात आणि काणकोणात पुळण व खडक यांची जोड आहे. वागातोर, हणजूण, आगोंद, पाळोळे येथे पुळणीच्या टोकांना खडक आहेत. रेती जेथे खडकाला मिळते तो कोपरा नेहमी तपासावा, कारण खडकाच्या कडेने बहुधा चर कोरलेला असतो आणि खडकावरच्या शिंपल्या-कुर्ल्या खायला पालू, तांबोशी असे मासे तेथे येतात. पण खडकाच्या कडेनेही ओढ वाहते, ती दिसत नाही आणि ती जागचीही हलत नाही. खडकावर चढण्यापूर्वी तो कोठपर्यंत ओला आहे ते पाहावे. जेथपर्यंत ओला आहे तेथपर्यंत लाट येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे. शेवाळलेल्या काळ्या खडकावर चामड्याची चप्पल घालून उभे राहू नये आणि समुद्राकडे पाठ करून आमिष लावत बसू नये.

तिसरी जागा नद्यांच्या मुखांची. केरीला तेरेखोल, मोरजीला शापोरा, बेतूल-मोबोरला साळ, काणकोणात तळपण आणि गालजीबाग या नद्या समुद्राला मिळतात. येथे खाडीतले सुंगट आणि लहान मासे ओहोटीबरोबर बाहेर येतात आणि चणक, तांबोशी, रावस त्यांची वाट पाहतात. म्हणून मुखाशी भरतीइतकीच सुकत्या पाण्याची पहिली वेळही चांगली. परंतु मुखावरची रेतीची जीभ दर हंगामाला जागा बदलते, तिचा काठ पोकळ असतो आणि पायाखालून एकदम ढासळतो. गेल्या वर्षी जेथे गुडघाभर पाणी होते तेथे या वर्षी दोन पुरुष पाणी असू शकते. मुखाशी नेहमी कोरड्या, घट्ट रेतीवर मागे उभे राहूनच गरी टाकावी.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या पुळणींवर साधारण नोव्हेंबरपासून समुद्रकासवे अंडी घालायला येतात. तेथे रात्री दिवे-बॅटऱ्या घेऊन फिरू नये आणि वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेच्या जवळ गरी घालू नये. तुटलेला तंगूस कोठेच टाकून येऊ नये. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, कासवाच्या गळ्यात, पक्ष्याच्या पायात आणि कधी आपल्याच गाईच्या पोटात जातो. तसेच रापणीची मंडळी जेथे जाळे ओढत असतील तेथून दूर राहावे. तो त्यांच्या पोटाचा धंदा आहे.

पक्ष्यांकडेही लक्ष असावे. पांढरे समुद्रपक्षी एका ठिकाणी घिरट्या घालून पाण्यात सूर मारू लागले, किंवा बारीक मासळी पाण्याबाहेर उड्या घेऊ लागली, तर खाली मोठा मासा तिच्यामागे लागलेला आहे असे समजावे. शेवट्यांचा थवा काठाने जाताना दिसला तर तो गरीला क्वचितच लागतो, पण त्याच्या मागावर चणक असू शकतो.

आणखी एक ध्यानात ठेवावे. जून ते सप्टेंबरच्या लाटा पुळणीची रेती खरवडून समुद्रात नेतात आणि पावसाळा सरला की लहान लाटा ती हळूहळू परत आणतात. त्यामुळे पाळी आणि चर दर वर्षी नव्याने घडतात, हंगामातही सरकतात. गेल्या वर्षीच्या जागेवर विसंबणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी करण्यासारखे आहे. घरात एक वही ठेवावी. तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा, पाण्याचा रंग, कोठे उभे राहिलो आणि काय मिळाले, एवढे लिहावे. दोन हंगामांत ती वही कोणत्याही सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पाण्याने ओढून नेले तर

चांगली जागा शोधणारा मनुष्य सतत ओढीच्या शेजारी असतो, म्हणून पुढचे प्रत्येकाने वाचावे व घरच्या मुलांना वाचून दाखवावे.

ओढीचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो, पण कधी कधी तो दोन मीटरांपर्यंत चढतो. दोन मीटरांच्या वेगाशी पट्टीचा पोहणारासुद्धा बरोबरी करू शकत नाही. म्हणून ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न करू नये. माणसे बुडतात ती बहुतेक याच धडपडीत दमून. ओढ माणसाला खाली खेचत नाही, ती फक्त बाहेर नेते, आणि फुटत्या लाटांच्या पलीकडे गेली की तिचा जोर सरतो. तिची रुंदीही फार नसते, बहुधा दहा ते तीस मीटर. तेव्हा तोंड वर करून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटत आहेत त्या बाजूला सरकावे. तेथे खाली पाळ आहे, पाणी उथळ आहे, आणि लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात.

काठावरच्या माणसाने लगोलग पाण्यात उडी घेऊ नये. बुडत्याला वाचवायला गेलेला भाऊ किंवा बाप बुडतो आणि एकाच्या जागी दोन तिरड्या उचलाव्या लागतात, अशा घटना किनाऱ्यावरच्या गावांना नव्या नाहीत. तरंगणारे काहीही फेकावे : रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, टायरची ट्यूब, झाकण घट्ट लावलेल्या मोठ्या बाटल्या. गरीला जाताना पाच लिटरचा रिकामा कॅन आणि दहा-पंधरा मीटर सुंभ जवळ ठेवावे, ओझे काहीच होत नाही. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर २००८ सालापासून जीवरक्षक नेमलेले आहेत, त्यांना हाक मारावी. लाल बावटा लावलेला असेल तर पाण्यात पाऊल घालू नये. परंतु पहाटे, रात्री आणि आडबाजूच्या पुळणींवर ते नसतात आणि गरीवाला नेमका तेव्हाच व तेथेच असतो. म्हणून एकट्याने जाऊ नये आणि कोठे जातो ते घरी सांगून जावे. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचा इशारा देते. तो दिला असेल त्या दिवशी आभाळ निरभ्र दिसले तरी गरी खुंटीवरच राहू द्यावी, कारण दूरच्या समुद्रात उठलेल्या लाटा येथे वाऱ्यावाचूनही येऊन पोहोचतात.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे जुने प्रकार करू नयेत. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनळीत शिरते. श्वास चालू नसेल तर त्याला उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर तळहाताने जोराने व भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्या कोणी ताबडतोब १०८ किंवा ११२ वर कळवावे. शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला, तरीही दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनंतरही त्रास देते.

काट्यांपासून सावध

आरोग्याच्या दृष्टीने दोन मासे सांभाळण्याचे. शिंगाळा, म्हणजे आपला सांगट, याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंच्या परांना एकेक असे तीन विषारी काटे असतात. पाकट, म्हणजे वागोळे, रेतीत स्वतःला पुरून बसते आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारते. चरात पाय घालावा लागलाच तर पाय न उचलता रेतीवरून फरफटत चालावे. पाकटाला चाहूल लागते व ते निघून जाते.

काटा लागला तर वेदना फार होतात. त्या जागी शेण, हळद, चुना काही लावू नये. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या ऊन पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष उष्णतेने निकामी होते, म्हणून ठणका लवकर उतरतो. पाणी किती ऊन आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासावे, नाहीतर जखमेवर भाजण्याची भर पडायची. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतलेला असेल तर उपटू नये, तसेच रुग्णालयात न्यावे. लहान जखमेलाही धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना हे डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही माणसांनी तर हयगय करूच नये.

शिशाची गोळी तंगुसावर दातांनी चावून बसवण्याची सवय पुष्कळांना आहे, ती सोडावी. शिसे हे हळूहळू भिनणारे विष आहे आणि लहान मुलांना त्याचा अपाय सर्वांत जास्त. पक्कड वापरावी आणि गोळ्या हाताळल्यावर हात धुऊन मगच भाकरीला हात लावावा. पकडलेला मासा उन्हात वाळूवर टाकून ठेवू नये. बर्फ नसेल तर निदान ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावा आणि लवकर साफ करावा.

थोडक्यात काय, तर पुढच्या वेळी पुळणीवर पोहोचल्याबरोबर गरी सोडण्याची घाई करू नका. आधी उंचावर बसा, फेस कोठे आहे आणि कोठे नाही ते पाहा, दार शोधा. दार सापडले की त्याच्या कडेला, कोरड्या रेतीवर उभे राहा आणि गरी पाण्यात पाठवा. पाण्यात जाण्याचे काम गरीचे आहे, आपले नव्हे.